मामांचं जुनं विनॅम्प नव्या लॅपटॉपवर: कामाच्या नोंदी

६ जुलै २०२५, रविवार (आषाढी एकादशी)

सकाळी साडेसहाला खानापूरहून मामांचा फोन, त्यांचं कॉम्प्युटरचं मशीन चालू होईना म्हणून. एकादशीला त्यांच्याकडं पहाटेपासून अभंग लागलेले असतात, गल्लीला सवय आहे त्याची, आणि आज घर गप्प. एका दुरुस्तीवाल्यानं आधीच येऊन सांगितलेलं की हे भंगारात घाला, नवीन घ्या, गाणी काय सगळी नेटवर मिळतात. मामांना ते फार लागलं.

मशीन २००४ चं. विंडोज एक्सपी, ८० जीबीची आयडीई (जुन्या जोडणीची) डिस्क, आणि त्यावर विनॅम्प, म्हणजे गाणी वाजवायचा प्रोग्राम, पाचव्या मालिकेतलं अगदी सुरुवातीचं (ही मालिका २००३ च्या डिसेंबरात आली). मामा शाळामास्तर होते, रिटायर झाल्यावर टेपरेकॉर्डर साउंड कार्डला जोडून त्यांनी एकेक कॅसेट एमपी३ केली. आकाशवाणी धारवाड आणि सांगलीवरनं रेकॉर्ड केलेलं, गावच्या भजनी मंडळाचं, देवळातली कीर्तनं, नाट्यसंगीत, दासरपदं, वचनं अशी कन्नड भक्तिगीतं. ९,४०० च्या आसपास फाइली. यातलं बरंचसं नेटवर नाही, कारण ते मामांनीच रेकॉर्ड केलंय.

१३ जुलै, रविवार

बेळगावहून सकाळच्या गाडीनं खानापूर. पाऊस असा की स्टेशनपासून घरापर्यंत छत्रीचा उपयोग झाला नाही. बरोबर एक सेकंडहँड एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा (४५० रुपये), आणि सीआर २०३२ सेल (४० रुपये) नेलेले.

जुन्या एसएमपीएसमधले कपॅसिटर फुगलेले होते, तो बदलला आणि मशीन चालू झालं. तारीख १ जानेवारी २००२ दाखवायलं, म्हणजे मदरबोर्डवरचा सेलही संपलेला, तोही बदलला. विनॅम्प उघडलं, मामा खुर्ची ओढून बसले आणि आम्ही दोघं तासभर गाणी ऐकत बसलो. ही माझी चूक. डिस्कमधून मधूनच टक्-टक् आवाज येत होता, तो ऐकूनही मी मशीन चालू ठेवलं. असा आवाज येणारी डिस्क जितकी चालवाल तितकी बिघडत जाते. त्याच क्षणी बंद करून डिस्क बाहेर काढायला पाहिजे होती.

पण त्या तासात एक गोष्ट कळली जी नाहीतर कळली नसती. मामांनी गाण्यांना दिलेले स्टार हे आपल्यासारखे नाहीत. मी विचारलं, एक स्टार म्हणजे काढून टाकायची गाणी का? मामा म्हणाले, "नाही रे बाळ, त्याच जपायच्या. एक स्टार म्हणजे टेप खराब आहे, पण दुसरीकडं कुठं मिळणार नाही." पाच म्हणजे पहाटे लावायचं, चार म्हणजे पाहुणे आले की, तीन म्हणजे मामी स्वयंपाक करताना. वीस वर्षांचा हिशोब आहे हा. आणि तो गाण्यांच्या फाइलीत नाहीच, इतक्या जुन्या विनॅम्पमध्ये स्टार आणि किती वेळा वाजलं ते सगळं प्रोग्रामच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहतं: प्लगइन्स फोल्डरात एमएल नावाचा फोल्डर, त्यात मेन डॉट डॅट आणि मेन डॉट आयडीएक्स. प्लेलिस्टही त्याच फोल्डरात. म्हणजे नुसत्या एमपी३ कॉपी करून नेल्या असत्या तर गाणी आली असती आणि मामांची लायब्ररी गेली असती.

तेव्हा ठरवलं की नवीन कुठला प्लेअर शिकवायचा नाही, हेच विनॅम्प, हेच स्टार, ह्याच प्लेलिस्ट नव्या लॅपटॉपवर चालवायच्या. मुदत गणपतीपर्यंत, २७ ऑगस्ट.

१६ जुलै

डिस्क काढून बेळगावला आणलेली. आयडीई-टू-यूएसबी अडॅप्टर घेतला, ७२० रुपये, पॉवरच्या वेगळ्या वायरीसकट. साडेतीन इंची डिस्कला यूएसबीची पॉवर पुरत नाही, तेव्हा पॉवर नसलेला स्वस्तातला घेऊ नका.

संध्याकाळभर डिस्क दिसेना. अडॅप्टर खराब म्हणून बदलायला निघालो होतो, मग डिस्कच्या मागचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) बघितला, तो केबल सिलेक्टवर होता. मास्टरवर लावला आणि दिसली. दोन तास गेले.

१७ ते १९ जुलै

विंडोजमधनं साधी कॉपी लावली, साठ टक्क्यांच्या पुढं जाऊन अडकली आणि डिस्क परत टक्-टक्. लगेच काढली. मग लिनक्सचा पेनड्राइव्ह करून डीडी-रेस्क्यूनं अख्खी डिस्क जुन्या लॅपटॉपच्या २५० जीबी डिस्कवर उतरवली. हा प्रोग्राम खराब जागा आधी सोडून देतो, चांगलं सगळं पहिल्यांदा उचलतो, मग खराब जागेकडं परत येतो, आणि कुठपर्यंत आलो ते एका मॅप फाइलीत लिहून ठेवतो, त्यामुळं मध्येच लाईट गेली तरी पुढं चालू करता येतं. लाईट दोनदा गेली. ती मॅप फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. आणि कमांड लिहिताना आधी जुनी डिस्क, मग नवी, उलटं लिहिलं तर जुन्यावरचं सगळं पुसलं जाईल. मी कागदावर लिहून, दोन्ही डिस्कचे आकार ताडून बघूनच एंटर दाबला.

तिसऱ्या दिवशी सकाळी संपलं. थोडी जागा वाचली नाही ती नाहीच. मेन डॉट डॅट पूर्ण आली होती, ते बघितलं तेव्हा जीव भांड्यात पडला. त्याच दिवशी एमएल फोल्डरच्या तीन कॉपी तीन ठिकाणी ठेवल्या, एक तर मोबाइलमध्ये. पुढं त्याच कामाला आल्या.

२३ जुलै

नवा लॅपटॉप विंडोज ११ चा. पहिला विचार असा की त्यात व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत नकली कॉम्प्युटर) करून आत एक्सपीच चालवायची, सगळं जसंच्या तसं. दोन रात्री घालवल्या. चाललं, पण आवाज मध्ये मध्ये तुटायचा, तबल्याची थाप अर्धी यायची, आणि मामांना विंडोजच्या आत विंडोज हे कसं समजवणार. शिवाय एक्सपीला ८ एप्रिल २०१४ पासून सुरक्षेचे अपडेट बंद, ती नेटला जोडायची नाही, मग पेनड्राइव्हनं गाणी आत-बाहेर करणं आलं. सोडून दिलं.

(८ एप्रिल कुमार गंधर्वांचा जन्मदिवस, १९२४ चा, जन्मगाव आपल्या बेळगावजवळचं सुळेभावी. मामांच्या प्लेलिस्टींत एक आहे, नाव नुसतं "८ एप्रिल". त्या दिवशी दुसरं काही लागत नाही त्यांच्याकडं.)

२६ जुलै, शनिवार

मग थेट. विंडोज ११ फक्त ६४ बिटची येते, पण ३२ बिटचे प्रोग्राम तिच्यात चालतात. चालत नाहीत ते त्याहून जुने १६ बिटचे, आणि कधीकधी प्रोग्राम ३२ बिटचा असतो पण त्याचं सेटअप १६ बिटचं असतं, तिथं लोक फसतात. विनॅम्पचा तो प्रश्न आला नाही, कारण सेटअप वापरलंच नाही. जुन्या डिस्कवरचा विनॅम्पचा अख्खा फोल्डर उचलला, नव्या लॅपटॉपच्या प्रोग्राम फाइल्समध्ये टाकला, डबल क्लिक केलं, उघडलं. तीच हिरवी अक्षरं, तेच बटण. मला एवढा आनंद झाला की मामांना व्हिडिओ कॉल केला.

गाणी वाजेनात. लायब्ररीत प्रत्येक गाण्याचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, तो डी ड्राइव्हपासून सुरू होतो, आणि नव्या लॅपटॉपला नुसता सी. मग सबस्ट कमांडनं सीमधल्याच एका फोल्डरला डी नाव दिलं. वाजली! तपासायला म्हणून मी वीस-पंचवीस गाण्यांना स्टार दिले, काढले, बंद केलं आणि झोपलो.

२७ जुलै, रविवार

हा दिवस सगळ्यात वाईट. कुठंतरी वाचलेलं की जुने प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून (सगळे अधिकार देऊन) चालवावेत, म्हणून तशी टिक केली. उघडलं तर कालचे स्टार गायब. आणि एकही गाणं वाजेना. मी गोंधळात मेनूतलं "नसलेल्या फाइली लायब्ररीतून काढा" या अर्थाचं जे आहे ते दाबलं, वाटलं एखाद-दुसरी नोंद खराब असेल ती जाईल. ९,४०० च्या ९,४०० गेल्या. स्क्रीन रिकामी.

मोबाइलमधल्या कॉपीवरनं दहा मिनिटांत परत आणलं, पण ती नसती तर सगळा खेळ तिथंच संपला असता. नक्की काय झालं ते शोधायला अर्धा दिवस गेला, ते लिहितो, कारण हे कुणाचंही होईल.

एक. जुनं विनॅम्प आपला डेटाबेस स्वतःच्याच फोल्डरात लिहितं. एक्सपीत ते चालायचं. व्हिस्टा या एक्सपीनंतरच्या विंडोजपासून पुढं प्रोग्राम फाइल्समध्ये साध्या प्रोग्रामला लिहू देत नाहीत, पण विंडोज प्रोग्रामला तसं सांगतही नाही, गुपचूप ते लिखाण युजरच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर अशा फोल्डरात वळवते. म्हणजे काल दिलेले स्टार तिथं गेले. आज ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्यावर ते मूळ फोल्डरातली फाइल वाचायलं. दोन लायब्ऱ्या झाल्या, एक दिसणारी आणि एक लपलेली.

दोन. सबस्टनं केलेला डी ड्राइव्ह साध्या युजरचा असतो, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चाललेल्या प्रोग्रामला तो दिसतच नाही. म्हणून सगळ्या फाइली "नसलेल्या", आणि त्यावर मी ते बटण दाबलं.

उपाय दोन्हीवर साधा निघाला. विनॅम्प प्रोग्राम फाइल्समधनं काढून सीच्या मुळाशीच विनॅम्प नावाचा फोल्डर करून त्यात ठेवलं, तिथं त्याला लिहिता येतं, ॲडमिनिस्ट्रेटरची टिक काढली. आणि सबस्ट सोडून डिस्क मॅनेजमेंटमधनं सी लहान करून १२० जीबीचा खरा डी पार्टिशन केला, गाणी जुन्याच फोल्डरांच्या नावानं त्यात. ॲडमिनिस्ट्रेटरची टिक काढण्याचा आणखी एक फायदा, ती असताना फोल्डर ओढून विनॅम्पवर टाकता येत नाही, विंडोज अडवते, आणि मामा सगळं ओढूनच टाकतात.

२९ जुलै, नागपंचमी

सुट्टी नव्हती, उद्यमबागेतनं कामावरनं आठला घरी, मग रात्री बसलो. आता अक्षरांचं.

मामांनी गाण्यांची नावं मराठीत लिहिलीत, पण युनिकोडमध्ये (आजच्या सगळीकडं चालणाऱ्या पद्धतीत) नाही, त्या काळच्या डीटीपीच्या मराठी फॉन्टमध्ये. विनॅम्पच्या प्लेलिस्टचा फॉन्ट बदलून तो लावला की मराठी दिसायचं. हे त्यांनी २००५ साली स्वतः शोधून काढलेलं. नव्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही म्हणून नुसती इंग्रजी कचकच. जुन्या डिस्कच्या विंडोज, फॉन्ट्स फोल्डरातनं ती टीटीएफ आणून बसवली. निम्मी अक्षरं आली, निम्म्यांच्या जागी चौकोन.

तीन संध्याकाळी फॉन्टमागं लागलो, दुसऱ्या कॉपी, दुसरे फॉन्ट. दोष माझाच होता. लॅपटॉप आणल्या दिवशी मराठी नीट दिसावं म्हणून मीच रीजन सेटिंगमध्ये "जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरा" अशी एक बीटा टिक करून ठेवलेली. जुने फॉन्ट काही अक्षरं इंग्रजी कीबोर्डच्या जागी बसवतात आणि उरलेली १२७ च्या पुढच्या नंबरांवर. ती टिक असली की जुन्या प्रोग्रामचे १२७ पुढचे नंबर चुकीचे वाचले जातात, म्हणून बरोबर निम्मी अक्षरं मोडायची. टिक काढली, रीस्टार्ट केलं, सगळं मराठी आलं. अशा मोडक्या अवस्थेत टॅग (फाइलीतच लिहिलेलं गाण्याचं नाव वगैरे) एडिट करून सेव्ह मात्र करू नका, मी तीन गाण्यांत केलं आणि त्या तीन फाइली बॅकअपमधनं परत आणाव्या लागल्या.

विनॅम्पची नवी आवृत्तीही एका कॉपीवर लावून बघितली, २०२२ मधली ५.९. चालते छान, लायब्ररीही उघडली, पण आमच्या या फॉन्टच्या युक्तीला ती जुळेना, मराठीच्या जागी चौकोन. ज्यांचे टॅग इंग्रजीत किंवा युनिकोडमध्ये आहेत त्यांनी सरळ तीच घ्यावी, माझ्यासारखा उपद्व्याप करायची गरज नाही.

कन्नड गाण्यांची नावं मामांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलीत. विचारलं तर म्हणाले, एका वेळी एकच फॉन्ट लागतो, भीमसेनजींचे अभंग वाचायचे तर त्यांचीच दासरपदं वाचता येत नव्हती, मग काय करणार.

१० ऑगस्ट, रविवार

लॅपटॉप घेऊन खानापूर. मामांनी बघितलं आणि पहिलं वाक्य, "हे एवढं बारीक काय दाखवायलंय रे?" जुन्या १७ इंची मॉनिटरवर जे मोठं दिसायचं ते या स्क्रीनवर काडेपेटीएवढं. कंट्रोल आणि डी दाबलं की मुख्य खिडकी दुप्पट होते, पण लायब्ररीची अक्षरं तशीच. शेवटी प्रोग्रामच्या प्रॉपर्टीजमध्ये, कंपॅटिबिलिटीत, हाय डीपीआय सेटिंग (प्रोग्राम किती मोठा दाखवायचा ते) बदलून "सिस्टम" केलं. कडा थोड्या पुसट दिसतात, पण मामांना चष्मा न पुसता वाचता येतंय.

आवाज एक-दोनदा चरचरला, आउटपुट प्लगइन (आवाज बाहेर पाठवणारा भाग) डायरेक्टसाउंडवरनं वेव्हआउटवर टाकला, थांबला.

मग मामांनी स्वतः तपासलं. यादी बघितली नाही. डोळे मिटून बसले आणि म्हणाले, पाच स्टारवाली लाव, शफल नको. दुसरं गाणं संपताना म्हणाले आता अमुक लागेल, आणि तेच लागलं. मामी आतनं येऊन दारात उभ्या राहिल्या. मी चार आठवडे जे करत होतो ते बरोबर झालंय हे मला तेव्हा कळलं.

१७ ऑगस्ट

पुढची सोय. हे जुनं विनॅम्प कधीतरी चालायचं बंद होईल, तेव्हा हिशोब परत अडकायला नको. प्लेलिस्ट एडिटरमध्ये कंट्रोल, आल्ट आणि जी एकदम दाबलं की एचटीएमएल यादी निघते. एकेक स्टारची वेगळी यादी काढली, पाच फाइली, म्हणजे कुठल्या गाण्याला किती स्टार ते विनॅम्पशिवायही कळेल. मग तो मजकूर फॉन्ट कन्व्हर्टरमधनं युनिकोड केला. नव्वद टक्के बरोबर येतं. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते, जोडाक्षर असलं की ती चुकीच्या ठिकाणी जाऊन बसते, आणि रफार तर हमखास. एक स्टारची ३१२ नावं मी आणि मामांनी फोनवर एकेक वाचून दुरुस्त केली, रोज रात्री अर्धा तास. बाकीची हळूहळू.

एमएल फोल्डरची कॉपी आता लॅपटॉप बंद करताना आपोआप पेनड्राइव्हवर जाते, त्यासाठी चार ओळींची बॅच फाइल (कमांडी एकामागोमाग चालवणारी) केली. नसलेल्या फाइली काढायचं ते बटण मामांना दाखवून सांगितलं, याला हात लावायचा नाही.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

पहाटे पाचला लागलं. मी बेळगावात होतो, मामांनी फोन स्पीकरजवळ धरून ऐकवलं, बोलले काहीच नाहीत.

७ सप्टेंबर, रविवार

खर्च, विचारतील म्हणून: एसएमपीएस ४५०, सेल ४०, अडॅप्टर ७२०, बॅकअपचे दोन पेनड्राइव्ह ९००. लॅपटॉप मामांच्या मुलानं दिला, २५० जीबीची डिस्क घरातलीच. वेळ मात्र दोन महिने, त्यातला निम्मा माझ्या चुकांत. नीट क्रमानं केलं असतं तर तीन रविवारांचं काम.

एमपी३ तपासणाऱ्या एका छोट्या प्रोग्राममधनं सगळ्या फाइली तपासून घेतल्या. ४१ खराब, डिस्कच्या त्या खराब जागेतल्या. त्यातल्या पस्तीस फाइली कॅसेट कंपन्यांच्या, त्या परत मिळतील. उरलेल्या सहा मात्र एका स्टारच्या आहेत. त्यातल्या दोन गावच्या भजनी मंडळाच्या, ज्यात मामांचे वडील पेटीवर आहेत.

मामांनी माळ्यावरची ट्रंक उतरवली. पाच कॅसेट सापडल्या, बुरशी नाही, एकीचं फेल्ट पॅड निघालंय ते दुसऱ्या कॅसेटमधनं बसवता येईल. टेपडेकचा पट्टा वितळून काळा डांबरासारखा झालाय. माप घेतलंय, बेळगावात दोन दुकानांत नाही मिळाला, पुढच्या शनिवारी कोल्हापूरला बघणार. सहावी कॅसेट कुणाला तरी ऐकायला दिली होती म्हणाले, आठवतील तशी नावं लिहून काढायलेत.